धुळ्याहून थेट बर्फावर: लहान मुलांना पहिल्यांदा स्कीइंगला नेताना काय बघायचं?

काश्मीर किंवा मनालीची सहल ठरली की खान्देशातल्या घरांत पहिली चर्चा स्वेटरांची होते आणि दुसरी बर्फाची. रील्समध्ये चार-पाच वर्षांची पोरं पायाला पट्ट्या लावून सुळकन उतारावरून घसरताना दिसतात. मग ‘आपल्या पिल्लालाही स्कीइंग करायला लावू’ असं आई-बाबा ठरवतात.

प्रत्यक्षात बर्फावर पोहोचल्यावर बऱ्याचदा वेगळंच घडतं. मोठ्या मापाचे बूट, भाड्याचा ओलसर कोट, दहा मिनिटं कुणीतरी हात धरून ओढतं, दोन फोटो निघतात आणि मूल रडायला लागतं. ‘आमच्याला नाही आवडलं’ म्हणून विषय संपतो.

खरं तर त्या मुलाला स्कीइंग मिळालेलंच नसतं. त्याला मिळालेली असते थंडी, टोचणारे बूट आणि भीती. बर्फाच्या गावातली मुलं चालायला शिकतात तेव्हापासून बर्फ बघतात. धुळ्याचं मूल एका आठवड्यात समुद्रसपाटीपासून साधारण 250 मीटरवरून अडीच हजार मीटरच्या वर जातं आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवतं. त्याच्यासाठी तयारी वेगळी लागते. ती कशी करायची, हे एकेक प्रश्न घेऊन समजून घेऊया.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

जगभरातल्या बहुतेक स्की शाळा तीन-चार वर्षांपासून मुलं घेतात. पण या वयात शिकवणं म्हणजे मुख्यतः खेळ असतो. पाच ते सात वर्षांचं मूल सूचना ऐकून तसं करू शकतं, त्याचा तोलही बरा असतो. म्हणून पहिल्यांदाच बर्फ बघणाऱ्या मुलासाठी हे वय जास्त सोयीचं.

2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकटा खेळाडू उतरला होता, काश्मीरचा आरिफ खान. त्यानं वयाच्या चौथ्या वर्षी स्कीइंग सुरू केलं होतं. हे उदाहरण ऐकून हुरूप येतो, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. गुलमर्गचा उतार त्याच्या घराजवळ होता. आज नाही जमलं तर उद्या, उद्या नाही तर पुढच्या आठवड्यात, अशी सोय त्याला होती. सहलीला गेलेल्या मुलाकडे दोन-तीन दिवस असतात. त्यामुळे ‘चार वर्षांचा झाला, आता शिकलाच पाहिजे’ हा हट्ट उपयोगाचा नाही.

वयापेक्षा तीन गोष्टी बघाव्यात. मूल अनोळखी माणसाबरोबर अर्धा तास राहतं का? एका पायावर काही सेकंद उभं राहतं का? शू लागली, थंडी वाजते, दुखतंय, हे स्वतःहून सांगतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही.

सुट्ट्यांचं गणित का जुळत नाही?

महाराष्ट्रातल्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या म्हणजे दिवाळी आणि उन्हाळा. स्कीइंगसाठी दोन्ही चुकीच्या वेळी येतात. दिवाळीत गुलमर्ग किंवा सोलंगच्या उतारांवर पुरेसा बर्फ साचलेला नसतो. मे महिन्यात बर्फ दिसतो तो उंचावर, आणि तिथे लहान मुलांना शिकवण्याजोगी जागा नसते.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून 40 दिवसांचा ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. स्कीइंगचा भरवशाचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. यातही लहान मुलांसाठी फेब्रुवारीचा दुसरा भाग बरा. बर्फ साचलेला असतो, दिवस थोडा मोठा होतो आणि थंडीची धार कमी झालेली असते. बालवाडीतल्या मुलांची आठवडाभर शाळा बुडाली तर फारसं बिघडत नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी मात्र हा परीक्षा जवळ आल्याचा काळ असतो.

शिवाय बर्फ हल्ली वेळेवर पडेलच असं नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार जवळपास कोरडे होते. 2025 मध्ये बर्फ कमी असल्यामुळे गुलमर्गमधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून मुलाला ‘आपण स्कीइंगला चाललोय’ असं महिनाभर सांगत राहण्यापेक्षा ‘आपण डोंगर बघायला चाललोय, बर्फ असला तर खेळू’ असं सांगणं शहाणपणाचं.

भारतात जायचं कुठे?

*गुलमर्ग:* उंची सुमारे 2,650 मीटर. देशातलं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण. 1927 मध्ये ब्रिटिशांनी इथे स्की क्लब सुरू केला होता. नवशिक्यांसाठी कमी उताराची मैदानं गावातच आहेत, ही मुलांच्या दृष्टीनं मोठी सोय. इथला गोंडोला दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या बाजूला सुमारे 3,950 मीटरवर. दुसऱ्या टप्प्यावर लहान मुलांना नेण्याची काहीच गरज नाही. शिकण्याची जागा खालीच आहे.

*सोलंग:* मनालीजवळ. पोहोचायला तुलनेनं सोपं. पण स्लेज, स्नो स्कूटर, पॅराग्लायडिंग आणि फोटो काढणारे असे सगळे एकाच उतारावर असतात. मुलाला शिकवायचं असेल तर सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जायचं.

*औली:* उत्तराखंडमध्ये. 2011 च्या पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधले स्कीइंगचे प्रकार इथे झाले होते. उतार छान आहेत. मात्र जानेवारी 2023 मध्ये जोशीमठमध्ये जमीन खचू लागल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे रस्त्याची आणि राहण्याची चौकशी करूनच बेत ठरवावा.

गुलमर्गमध्ये केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीत अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे. दोन्हीकडे स्कीइंगचे अभ्यासक्रम चालतात. लहान मूल असेल तर वयाची अट आधीच विचारावी. तिथे जागा मिळाली नाही तरी परवानाधारक किंवा प्रशिक्षित शिक्षक कुठे मिळतील, याची चौकशी अशा संस्थांकडे करणं, रस्त्यात भेटलेल्या पहिल्या माणसाबरोबर जाण्यापेक्षा चांगलं.

‘धुळ्यातही थंडी असतेच की!’

असते. धुळ्याचा पारा हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो आणि राज्यातलं सगळ्यात थंड ठिकाण म्हणून धुळ्याचं नाव बातम्यांत येतं. पण ती पहाटेची कोरडी थंडी. दहा वाजता ऊन आलं की स्वेटर निघतो. बर्फावरची थंडी ओली असते. मूल पडतं, बर्फ हातमोज्यात जातो, वितळतो आणि मग बोटं गारठतात. लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानानं जास्त उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर थंड पडतात.

आपल्याकडे थंडीत एकावर एक सुती कपडे घालायची सवय आहे. बर्फात हीच चूक ठरते. सुती बनियन घाम शोषतो, ओला राहतो आणि अंगाला गार लागतो. त्याऐवजी तीन थर करायचे:

- आतून अंगाला लागून थर्मल (लोकरी किंवा घाम न धरणारं सिंथेटिक)
- मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर
- बाहेरून पाणी आणि वारा न शिरणारं जॅकेट-पँट

पायात एकच, पातळ आणि लांब लोकरीचा मोजा. दोन-तीन मोजे चढवले की बूट घट्ट होतो, रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. हातमोजे पाचही बोटं वेगळी असणारे नकोत. चार बोटं एकत्र राहणारे, पाणी न शिरणारे घ्यावेत. एक जोड जास्तीचा खिशात ठेवावा, कारण पहिला ओला होणारच. मफलर आणि ओढणी मात्र उतारावर नको. ती लिफ्टमध्ये किंवा स्कीमध्ये अडकू शकते. मानेसाठी बंद गळपट्टी वापरावी.

टनमर्गला आणि मनालीच्या वाटेवर कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. ते मोठ्यांना चालून जातात. मुलांच्या मापाचं आणि आतून कोरडं मिळेलच याची खात्री नसते. म्हणून मुलांचं जॅकेट, पँट आणि हातमोजे घरूनच न्यावेत.

मुलाच्या नाकाचा शेंडा, गाल किंवा बोटं पांढरट पडली आणि ‘काही कळत नाही’ असं ते म्हणालं, तर ताबडतोब आत न्यावं. उबदार तळव्यात किंवा काखेत धरून ऊब द्यावी. बर्फ चोळू नये, शेकोटी किंवा हीटरला थेट लावू नये. बधिर कातडी भाजते तरी कळत नाही.

रात्रीसाठी एक सूचना. खोलीत कोळशाची सिगडी, कांगडी किंवा बुखारी पेटलेली ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

उंचीचा त्रास मुलांना होतो का?

होऊ शकतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ झाल्याचा त्रास जाणवायला लागतो. मोठी माणसं ‘डोकं दुखतंय’ म्हणतात. लहान मूल तसं सांगत नाही. ते चिडचिड करतं, जेवत नाही, उलटी करतं, रात्री झोपत नाही. आई-बाबांना वाटतं प्रवासाचा शीण आहे.

उपाय सोपा आहे. घाई करू नये. गुलमर्गला जाताना एक-दोन रात्री श्रीनगरला (सुमारे 1,585 मीटर) राहावं. गुलमर्गला पोहोचल्याच्या दिवशी स्कीइंग नको. त्या दिवशी बर्फाचे गोळे करावेत, बर्फाचा माणूस करावा, झोपावं. पाणी पाजत राहावं, कारण थंडीत तहान लागल्याचं कळत नाही. लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

ऊनही फसवतं. उंची वाढली की अतिनील किरणं वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली बहुतांश परत चेहऱ्यावर फेकतो. ढगाळ दिवशीही सनस्क्रीन आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. नाहीतर संध्याकाळी मूल डोळे चोळत रडतं.

सगळ्यात महत्त्वाचं: बूट आणि बाइंडिंग

लांब पट्टी म्हणजे स्की. बूट त्या पट्टीला ज्या पकडीनं धरला जातो, ती बाइंडिंग. मूल पडून पाय पिळला गेला की बाइंडिंग आपोआप सुटली पाहिजे. ती सुटली नाही तर पट्टी पायाला पिळत राहते आणि नडगीचं हाड मोडू शकतं. लहान मुलांच्या स्कीइंगमधल्या गंभीर दुखापतींपैकी ही एक ओळखीची दुखापत आहे.

बाइंडिंग किती जोरावर सुटावी, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि किती येतं, यावर ठरवून स्क्रू फिरवून लावतात. आधीच्या गिऱ्हाइकाचं वजन 70 किलो असेल आणि तीच पट्टी 16 किलोच्या मुलाला दिली, तर ती सुटणारच नाही. म्हणून दुकानदारानं मुलाचं वजन विचारलं का, हे बघावं. विचारलं नाही तर स्वतः सांगावं आणि बाइंडिंग आपल्यासमोर लावायला सांगावी. तो ‘चलता है’ म्हणाला तर दुसरं दुकान बघावं.

बाकीच्या गोष्टी अशा तपासायच्या:

- बूट: मूल सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत. गुडघे वाकवले की मागे सरकावीत. टाच वर उचलली जाऊ नये. ‘पुढच्या वर्षीही होईल’ असं माप इथे नको.
- पट्टी: उभी धरल्यावर मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत यावी. लांब पट्टी वळत नाही.
- हेल्मेट: भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट मावेल इतकं. मुलांच्या मापाचं हेल्मेट तिथे मिळालं नाही तर स्की लावू नये, म्हणून ते आधी विकत घेणं बरं. आत जाड माकडटोपी घातली की हेल्मेट हलतं. पातळ टोपी चालते.
- काठ्या: पहिल्या दिवशी नकोत. मुलं त्यावर रेलतात आणि एकमेकांना टोचतात.

पहिल्या दिवशी शिकवतात काय?

चांगला प्रशिक्षक मुलाला लगेच उतारावर नेत नाही. क्रम साधारण असा असतो. आधी नुसते बूट घालून चालणं. मग सपाट जागेवर एका पायात पट्टी लावून ढकलत जाणं, मग दुसऱ्या पायात, मग दोन्ही. त्यानंतर मुद्दाम पडायचं आणि उठायचं. पडताना बाजूला, कुल्ल्यावर पडायचं, हात मागे टेकवायचे नाहीत.

यानंतर येतो ब्रेक. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब. वरून बघितलं तर त्रिकोण दिसतो. जगभरात मुलांना याला ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. आपल्या मुलांना समोसाही चालेल. त्रिकोण मोठा केला की वेग कमी, पट्ट्या समांतर केल्या की वेग जास्त. या एका गोष्टीवर पहिला दिवस संपला तरी शिकवणी यशस्वी झाली असं समजावं.

उतार असा निवडावा की खाली आपोआप सपाट होतो. खाली झाड, रस्ता, दुकानं किंवा घोडे असतील तर तो उतार सोडावा. स्कीइंगचा जगभर पाळला जाणारा नियम आहे की वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं. पण गर्दीत तो पाळला जाईलच असं नाही, म्हणून मूल उतारावर मधोमध बसून राहू नये, कडेला यावं.

आखलेला उतार सोडून ‘तिकडे मस्त बर्फ आहे’ म्हणून जाऊ नये. गुलमर्गच्या परिसरात फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आखलेल्या उतारांबाहेर हिमस्खलन होऊन परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. ते सराईत होते.

भाषेचा मुद्दाही छोटा नाही. धुळ्या-जळगावच्या घरांत मराठी किंवा अहिराणी ऐकत वाढलेल्या पाच वर्षांच्या मुलाला काश्मिरी उच्चारातली हिंदी पटकन कळत नाही. ‘रुको’, ‘घुटने मोड़ो’, ‘सामने देखो’, ‘बैठ जाओ’ हे चार-पाच शब्द घरीच खेळात शिकवून ठेवावेत.

आई-बाबांचं काम काय?

शिकवणं नाही. दोन पायांमध्ये मुलाला धरून स्वतः घसरणं तर मुळीच नाही. तोल गेला तर मोठ्या माणसाचं वजन मुलावर येतं. हात धरून उतारावर नेणंही टाळावं, कारण मूल मागे रेलायला शिकतं आणि ती सवय सुटायला वेळ लागतो.

आई-बाबांनी दिसेल अशा जागी उभं राहावं. खिशात शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की, थर्मासमध्ये कोमट पाणी, पिशवीत कोरडे मोजे ठेवावेत. सकाळी दशमीसारखं हलकं पण पोटभर खाऊ घालावं. बूट चढवण्याआधी शू करवून आणावं. सगळे थर काढून पुन्हा घालायला पंधरा मिनिटं जातात.

पहिल्या दिवशी 45 मिनिटं ते एक तास पुरे. नंतर विश्रांती, आणि मुलानं स्वतः मागितलं तरच पुन्हा. मूल हसत असतानाच थांबवलं तर दुसऱ्या दिवशी तेच आधी तयार होतं. ‘एवढे पैसे भरलेत, अजून एक चक्कर मार’ या वाक्यानं बऱ्याच मुलांचं स्कीइंग तिथेच संपतं.

प्रशिक्षकाला पैसे ठरवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षण कुठे घेतलं? इतक्या लहान मुलांना आधी शिकवलंय का? एका वेळी किती मुलं? मूल घाबरलं तर काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं.

प्रवास विमाही वाचून बघावा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळातली दुखापत धरलेली नसते.

घरी काय तयारी करता येईल?

महिनाभर आधीपासून थोडं थोडं. लळिंगच्या किल्ल्यावर दर रविवारी चढ-उतार केला तर पायांना ताकद येते आणि उतारावर खाली बघण्याची भीती कमी होते. स्केटिंगचा वर्ग जवळ असेल तर उत्तम, कारण घसरत्या पायांवर उभं राहण्याची कल्पना येते. घरात गुळगुळीत फरशीवर मोजे घालून ‘समोसा’ करायचा खेळ खेळता येतो. गुडघे वाकवून, हात पुढे धरून ‘खुर्चीवर बसल्यासारखं’ उभं राहण्याची शर्यत लावता येते.

जमलं तर एकदा मोठ्या शहरातल्या कृत्रिम बर्फाच्या पार्कमध्ये तासभर न्यावं. तिथे स्कीइंग शिकता येईलच असं नाही, पण बर्फ हाताला कसा लागतो आणि जाड कपड्यांत कसं चालायचं, हे मुलाला कळतं. अनोळखी गोष्टींपैकी दोन तरी आधीच ओळखीच्या होतात.

पहिली वेळ यशस्वी झाली, हे कसं ओळखायचं?

किती मीटर घसरला, व्हिडिओ कसा आला, यावरून नाही. मूल कोरडं आणि उबदार परत आलं, पडल्यावर स्वतः उठायला शिकलं आणि रात्री पांघरुणात शिरताना ‘उद्या परत जायचं का?’ असं विचारलं, तर सगळं साधलं. आणि ‘नको’ म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी बर्फाचा माणूस करावा. स्की पुढच्या हिवाळ्यातही शिकता येतं.